चौतीस टक्के

बार्शीत हल्ली मला कोणी तब्येत विचारत नाही. गाडी कशी आहे, एवढंच विचारतात. केस कापायला बसलो तरी तेच, भाजी घेताना तेच. त्यांचंही चूक नाही. कॉलेजात असताना ज्या कंपनीच्या रेसच्या गाड्यांची चित्रं मी वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवायचो, त्या कंपनीची ही नवी छोटी इलेक्ट्रिक गाडी. आमच्या भागात पहिलीच. मी "बरी आहे" म्हणतो आणि पुढं सरकतो. खरं सांगायचं तर गाडी उत्तम आहे, तिच्यात काडीचाही दोष नाही. दोष कुणात आहे, ते सांगायला बसलोय.

मी जोतिराम. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिकवतो. एकवीस वर्षं पोरांच्या डोक्यात एकच गोष्ट भरवतोय, की जिथं वीज एका धातूतून दुसऱ्या धातूत जाते ती जागा स्वच्छ पाहिजे. धूळ नको, तेल नको, ओल नको. खंडेनवमीला वर्कशॉपात यंत्रांची पूजा असते, तेव्हा मी हातात फडकं घेऊनच फिरतो. कुंकू पत्र्याला लावा, टर्मिनलला लावू नका, म्हणून पोरांवर खेकसतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच केलेली असावी.

गाडी शनिवारी मिळाली आणि रविवारी राजनंदिनीची परीक्षा होती. राजनंदिनी माझी एकुलती एक मुलगी. डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा, तीही दुसऱ्यांदा. पहिल्या खेपेला थोडक्यात हुकलं म्हणून एक वर्ष ती लातूरला क्लासला राहिली. पहाटे चारला उठायची, सणालाही घरी यायची नाही. तिची आई ती सहा वर्षांची असताना गेली, तेव्हापासून माझ्या आईनं, चिमाबाईनं, तिला वाढवलं. लातूरहून आली त्याच दिवशी तिनं मला सांगून टाकलं होतं, की पप्पा, यंदा नाही झालं तर मी तिसऱ्यांदा बसणार नाही, बी.एस्सी.ला नाव घाला. ती बोलते ते करते. त्यामुळं त्या रविवारी काय पणाला लागलं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

केंद्र सोलापुरात, विजापूर रोडला. आमच्या दारापासून ऐंशी किलोमीटर. दुपारी दीडला गेट बंद म्हणजे बंद, मग कोणीही असो. ती म्हणत होती, सकाळी साडेसातच्या एसटीनं जाते, क्लासमधली मैत्रीण समरा आणि तिचे अब्बा त्याच गाडीनं चाललेत. मी हसण्यावारी नेलं. दारात अशी गाडी उभी असताना पोरगी एसटीनं जाणार? लोक काय म्हणतील, हेही वाटलं. पण त्याहून मोठी हौस म्हणजे केंद्राच्या दारात, चारचौघांत, तिनं त्या गाडीतून उतरावं आणि मी तिला उतरवावं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

गाडीचं पहिलं दर्शन सांगतो, कारण तेच सगळे विचारतात. बसलं की सीट दोन्ही बाजूंनी धरून ठेवते. स्टिअरिंग लहान, हाताला कातडं, त्यावर लाल शिवण. पायाखाली जोर द्यायचा अवकाश, गाडी सुटते. आवाज नाही, थरथर नाही, पोटात मात्र खड्डा पडतो. स्पोर्टचं बटण दाबलं की स्पीकरमधून इंजिनाचा खोटा आवाज येतो. तो खोटा आहे हे माहीत असूनही मला तो आवडला. शोरूममधल्या पोरानं दोनदा बजावलं होतं, की सर, स्पोर्टमध्ये चार्ज भराभर उतरतो आणि उन्हाळ्यात एसीही खातो. मी मान हलवली आणि सोलापूर ते बार्शी स्पोर्टमध्येच आलो. वर गावात दोन फेऱ्या मारल्या. दारात आलो तेव्हा पडद्यावर चौतीस टक्के होते.

आई आरतीचं ताट घेऊन उभीच होती. तिनं गाडीला एक फेरी मारली आणि ही मुकी आहे का म्हणून विचारलं. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, बॉनेटवर स्वस्तिक काढलं. मग म्हणाली, हिला प्यायला कुठून घालतात? आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण गल्ली जमली होती, शेजारचे आबासाहेब मोबाईलवर चित्रण करत होते, आणि माझ्यातल्या शिक्षकाला चेव आला. मी बाजूचं झाकण उघडलं आणि हे हिचं तोंड म्हणून दाखवलं.

तोंड म्हटल्यावर आई काय करणार? तिनं हळदीकुंकवाची बोटं तिथं टेकवली, अक्षता टाकल्या. मग ताटातला पेढा उचलला, तोंड गोड कर बाई म्हणाली आणि अंगठ्यानं आत दाबला. घरात नवी सून आली, तरी ती असंच करते. सगळे हसले. मीही हसलो. फडकं आणून पुसावं असं मनात आलं, पण कॅमेरा चालू होता आणि आईच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. नंतर पुसू म्हटलं. नंतर पाहुणे आले, चहा झाला, आणि मी तसाच प्लग खुपसला. चार्जरवरचा दिवा हिरवा झाला तेवढा बघितला, गाडीचा पडदा बघितलाच नाही, आणि आत गेलो.

सकाळी उठून बघितलं तर चौतीसच. मी स्वतःची समजूत घातली की लाईट गेली असेल. आईला विचारलं, तर ती म्हणाली पंखा रात्रभर चालू होता. ते ऐकून मी न ऐकल्यासारखं केलं. पडद्यावर लिहिलं होतं, अजून एकशे पाच किलोमीटर जाईल. जायचं होतं ऐंशी. हिशेब बसत होता. साडेसातची एसटी तोवर गेली नव्हती, हे लिहिताना माझा हात थांबतोय, पण लिहायला हवं. सव्वासात वाजले होते. राजनंदिनी तयार होती. तिनं विचारलं, "पप्पा, चार्जिंग झालं ना?" मी म्हणालो, "झालंय की. तू अभ्यास कर."

निघालो सव्वादहाला. तिनं मोबाईल नेला नव्हता, केंद्रात चालत नाही म्हणून. पायात साधी चप्पल, हातात प्रवेशपत्र आणि पाण्याची पारदर्शक बाटली. मे महिना, ऊन त्रेचाळीसच्या वर. एसी लावला. रस्ता मोकळा दिसला आणि पुढं एक एसटी दिसली. एकदाच, म्हणून मी स्पोर्टचं बटण दाबलं. एकदाचं दोनदा झालं, मग मोजलं नाही. वैराग आलं तेव्हा एकोणीस टक्के होते आणि पडद्यावरचा आकडा चाळीसवर आला होता. अजून छप्पन्न किलोमीटर जायचं होतं.

तिला काही बोललो नाही. वैरागच्या पुढं रस्त्याकडंच्या एका हॉटेलात जलद चार्जर आहे, हे शोरूममध्ये सांगितलेलं आठवलं. अर्ध्या तासात काम होईल, वेळ भरपूर आहे, असं म्हणून तिथं वळलो. पावणेअकरा-अकरा झाले असतील. प्लग लावला. लाल दिवा. काढून पुन्हा लावला. लाल. पाच वेळा केलं. हॉटेलचे मालक महादेवप्पा बाहेर आले, पाण्याचा तांब्या दिला आणि वाकून मोबाईलच्या उजेडात त्या खोबणीत बघितलं. चांगला माणूस. हसला नाही.

"सर, ह्यात हळद हाय बघा," ते म्हणाले. "आनि खवा वाळलाय वाटतं. मुंग्या बी हायत."

मी बघितलं. पिवळा-लाल लेप पिनांना धरून बसला होता. एकवीस वर्षं शिकवलं ते सगळं त्या एका बोटभर भोकात माझ्याकडं बघत होतं. राजनंदिनी मागं येऊन उभी राहिली होती, तिनंही बघितलं. मी काडी घेतली, रुमाल घेतला, कोरड्या कापडाला पीळ देऊन देऊन ते आत फिरवलं. वाळलेला पेढा निघतो कुठला. पाणी लावायची सोय नाही, ते मलाच ठाऊक. कंपनीला फोन केला, त्यांनी गाडी उचलून न्यायला तीन तास सांगितले.

सव्वाअकराच्या सुमाराला हॉटेलसमोर एसटी थांबली. सोलापूरचीच. दोन बायका उतरल्या. राजनंदिनी म्हणाली, "पप्पा, मी ह्या गाडीनं जाते."

मी वाकलेलाच होतो. म्हणालो, "दोन मिनिटं थांब, निघतंय."

कंडक्टरनं घंटी मारली. मी बघितलं, तिच्या हातातलं प्रवेशपत्र थोडं चुरगळलं होतं. तिनं ते मांडीवर दाबून सरळ केलं. हा क्षण मला रोज दिसतो. दात घासताना दिसतो, वर्गात फळ्याकडं वळलो की दिसतो. बस समोर होती, दार उघडं होतं, फक्त हो म्हणायचं होतं. पण हो म्हटलं असतं तर गाडी हरली असती आणि गाडीबरोबर मी. म्हणून नाही म्हणालो. याला दुसरं काही कारण नाही, मी खूप शोधलं.

पावणेबाराला नाद सोडला. सोळा टक्के होते. एसी बंद केला, वाऱ्याचा अडथळा नको म्हणून काचाही वर घेतल्या, चाळीसच्या वेगानं निघालो. आत भट्टी पेटल्यासारखं झालं. आम्हांला ट्रॅक्टरनं मागं टाकलं, उसाच्या रिकाम्या ट्रॉलीसह. राजनंदिनी घाम पुसत होती आणि पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं काही म्हणतेय. ती सूत्रं म्हणत होती. मी एक टक्का उतरला की ओठ चावायचो. दोन टक्क्यांवर गाडीनं कासवाचं चित्र दाखवलं. मग एक. मग बारा पस्तीसला ती रस्त्याच्या कडेला, एका बाभळीजवळ, कसलाही आवाज न करता थांबली. मरतानाही आवाज नाही.

केंद्र सोळा किलोमीटरवर. पंचावन्न मिनिटं.

सोलापुरात माझ्या ओळखीचे एक सर आहेत, महेश्वर. त्यांना फोन लावला. ते लग्नाला तुळजापुरात. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. गाड्या हॉर्न देत बाजूनं जात होत्या. एवढ्या झकपक नव्या गाडीशेजारी उभा असलेला माणूस अडचणीत आहे असं कुणाला का वाटावं? एक जण तर गाडीचा फोटो काढून गेला. दोन मोटारवाले थांबले, मला टायर बदलायचा असेल असं त्यांना वाटलं होतं. शहराकडं निघालेत का विचारलं तर उलटीकडं. मी हात जोडले, ओरडलो, एका ट्रकपुढं जवळजवळ आडवा झालो. राजनंदिनी बाभळीच्या सावलीत उभी राहून माझ्या हातातल्या घड्याळाकडं बघत होती. तिनं रडावं असं मला वाटत होतं. ती रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

एकला दोन मिनिटं कमी असताना एक मोटारसायकल थांबली. डोक्याला मुंडासं, पुढं टाकीवर पोत्यात गुंडाळलेलं मेंढीचं पिल्लू. बिरुदेव नाव सांगितलं. पिल्लाला जनावरांच्या डॉक्टरकडं न्यायला निघाला होता. मी हात जोडून काय बोललो ते मला आठवत नाही. त्यानं सगळं ऐकूनही घेतलं नाही. पिल्लू उचलून माझ्या हातात दिलं.

"धरा हे. बस गं ताई," तो म्हणाला. "दीड ना? बघू की."

अनोळखी माणसाच्या मागं, हेल्मेट नाही, भर उन्हात, माझी पोरगी गेली. मागं वळून तिनं एकदा बघितलं. मी हात वर केला तर हातात पिल्लू. ते तापानं गरम होतं आणि माझ्या शर्टाला तोंड लावत होतं. मी त्याला घेऊन रस्त्याच्या कडेला बसलो आणि देवाला नाही, त्या मोटारसायकलच्या इंजिनाला हात जोडले.

बिरुदेव दोनच्या आधी परत आला. मी धावत गेलो. तो म्हणाला, दारापाशी सोडली, लई गर्दी होती, पोलीस गाडी थांबू देईनात, ती पळत गेली. किती वाजले होते ते त्याला सांगता येईना. घड्याळ नव्हतं त्याच्याकडं. त्यानं पिल्लू घेतलं, मलाच मागं बसवलं आणि पुन्हा तेवढंच अंतर परत गेला. नको म्हणालो तर ऐकेना. पिल्लाचा दवाखाना बंद व्हायला आला होता, हे त्यानं मला वाटेत सांगितलं, तेही मी विचारल्यावर. पेट्रोलचं काही देऊ लागलो तर रागावला.

केंद्रासमोर शे-दोनशे आईबाप बसले होते. गेट बंद. बाहेर कोणी पोरगं-पोरगी उभं दिसेना. मी सगळीकडं नजर फिरवली, दोनदा. नव्हती ती. म्हणजे आत गेली. मी तिथंच खाली बसलो. शेजारच्या बाईंनी पाणी दिलं. समराचे अब्बा तन्वीरभाई तिथंच होते, त्यांनी खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, गेली असेल आत, अल्ला बडा है. मी आईला फोन लावला.

"पोचली, आई. पेपरला बसली."

पलीकडं आई रडली आणि तिनं देवापुढं साखर ठेवते म्हणून सांगितलं. मला एवढं हलकं वाटलं की मी तन्वीरभाईंना गाडीची गोष्ट हसत हसत सांगायला लागलो. पेढ्यापर्यंत आलो. ते हसता हसता थांबले आणि माझ्या मागं बघायला लागले.

रस्त्यापलीकडं झेरॉक्सच्या बंद दुकानाच्या पायरीवर राजनंदिनी बसली होती. खांबाच्या आडोशाला, म्हणून मला दिसली नव्हती. तिनं मला केव्हाच बघितलं होतं. फोन लावताना बघितलं होतं, हसतानाही बघितलं होतं.

मी रस्ता कसा ओलांडला माहीत नाही. ती म्हणाली, चार मिनिटं. गेट लागल्यावर चार मिनिटांनी ती पोचली होती. आतल्या माणसाला तिनं प्रवेशपत्र दाखवलं, त्यानं मान हलवली, तोही काय करणार, नियम. तिच्यासारखी आणखी दोन पोरं होती, ती ओरडली, गेट हलवलं, रडली. ही तिथून बाजूला झाली आणि येऊन बसली. तिच्या एका पायात चप्पल नव्हती. पळताना तुटली होती.

घरी जाऊ म्हणालो. नाही म्हणाली, पेपर सुटेपर्यंत बसू. का, ते मी विचारलं नाही. आम्ही तिथं तीन तास बसलो. ऊन सरकत आलं तशी ती सरकत गेली, मीही सरकलो. मी माफी मागितली नाही. मागायला तोंड उघडलं की ती प्रवेशपत्राच्या घडीवरून नख फिरवायला लागायची, आणि मी गप्प व्हायचो. एकदाच ती बोलली. "पप्पा, सकाळी चौतीस होतं ते तुम्ही बघितलं होतं का?"

"बघितलं होतं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. गणिताचं उत्तर जुळल्यावर हलवते तशी.

पाच वीसला पेपर सुटला. पोरं बाहेर आली. समरा आली आणि अब्बांच्या गळ्यात पडली. आणि माझा फोन वाजला. आई. तिनं घड्याळ लावूनच ठेवलं असणार. मी नुसता बघत राहिलो. राजनंदिनीनं माझ्या हातातून फोन घेतला. आईला कमी ऐकू येतं म्हणून तिनं सवयीनं स्पीकर चालू केला.

"आजी, पेपर दिला नाही. उशीर झाला. गेट बंद झालं होतं."

मग आई म्हणाली, "आगं पन जोती म्हनला की बसली म्हनून."

"पप्पांना तसं वाटलं."

"मग गाडीला काय झालं? माज्या हातनं काय चुकलं का गं पूजंत?"

राजनंदिनीनं माझ्याकडं बघितलं. तिनं ते सगळं बघितलेलं होतं, हळद, खवा, मुंग्या. मी मान खाली घातली.

"नाही आजी. तुझं काही नाही. गाडीत चार्ज कमी होता. आणि ते पप्पांना सकाळीच माहीत होतं."

एकही शब्द खोटा नव्हता. आई म्हणाली, त्याच्याकडं दे. मी फोन घेतला.

"तुला ठावं हुतं, जोत्या?"

"व्हय."

"आनि पोरगी एष्टीनं जाती म्हनत हुती."

"व्हय, आई," मी म्हणालो. "मीच नको म्हनलं."

तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. समोरून पोरं पेपरातले प्रश्न एकमेकांना विचारत चालली होती, आणि राजनंदिनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतःशीच हळू आवाजात देत होती.